टीईएमला २० नॅनोमीटर, डीएलएसला ६८: मग कण नक्की केवढा?

प्रश्न थोडक्यात असा: सायट्रेटचा (सायट्रिक आम्लाच्या लवणाचा) थर लावलेले चांदीचे नॅनोकण, पाण्यात बनवलेले, रंग पिवळसर. टीईएमच्या (इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या) फोटोंत २०० कण मोजून सरासरी व्यास २० नॅनोमीटर. डीएलएसवर (विखुरलेल्या प्रकाशावरून व्यास काढणाऱ्या यंत्रावर) झेड-ॲव्हरेज, म्हणजे प्रकाशाच्या तीव्रतेनुसार धरलेला सरासरी व्यास, ६८; पीडीआय, म्हणजे कणांच्या आकारांत किती फरक आहे ते सांगणारा आकडा, ०.४१. त्याच यंत्राच्या ‘नंबर’ (कणांच्या संख्येच्या) आलेखात शिखर २४ वर. झीटा पोटेन्शियल (कणाच्या भाराचा अंदाज देणारं विभव) एका प्रयोगशाळेत पाण्यात मोजलं तर उणे ३४ मिलिव्होल्ट, दुसऱ्या प्रयोगशाळेत पीबीएसमध्ये (फॉस्फेट असलेल्या खाऱ्या द्रावणात) मोजलं तर उणे ८. गाईड म्हणतात, एक आकडा ठरव आणि प्रबंधात लिही. कुठला लिहायचा?

मुंबईत डीएलएसच्या यंत्रासमोर बसून मला वीस वर्षं होत आली. सँपल घेऊन येणारी मुलं तुझ्याच वयाची असतात, म्हणून एकेरीत लिहिते. तुझ्या सहा आकड्यांपैकी पाच मला ठीक वाटतात. सहाव्यावर, म्हणजे उणे ८ वर, माझा संशय आहे; पण तो यंत्रावर नाही, बाटलीवर आहे. त्याकडे शेवटी येते.

आधी हे डोक्यातून काढून टाक की डीएलएस आकार मोजतं. ते आकार पाहतच नाही. लेझर सँपलमधून जातो, कणांवरून प्रकाश विखुरतो, आणि कण पाण्यात सतत थरथरत असल्यामुळे तो विखुरलेला प्रकाश लुकलुकतो. लहान कण भराभर हलतात म्हणून लुकलुक जलद, मोठे कण सुस्त म्हणून लुकलुक संथ. यंत्र मोजतं ती एवढी लुकलुक. पुढचं सगळं गणित आहे: लुकलुकीच्या वेगावरून विसरणाचा (डिफ्यूजनचा) गुणांक, आणि त्यावरून स्टोक्स-आइनस्टाइनच्या समीकरणाने व्यास. म्हणजे छापून येणारा व्यास हा अशा एका घट्ट गोल चेंडूचा असतो, जो त्या पाण्यात, त्या तापमानाला तुझ्या कणाइतकाच भरभर हिंडला असता. त्याला हायड्रोडायनॅमिक व्यास म्हणतात, आणि त्यात सायट्रेटचा थर आणि कणाला चिकटून फिरणारं पाणीही आलं.

टीईएममध्ये कण वाळलेला, निर्वातात, ग्रिडवर पडलेला असतो. दिसतो तो चांदीचा गाभा. सेंद्रिय थर तिथे जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे २० च्या गाभ्याला डीएलएसने २३-२४ म्हणणं अगदी स्वाभाविक आहे. पण ६८? सायट्रेटचा थर काही २४ नॅनोमीटर जाड नसतो. इथे दुसरंच काही चाललं आहे.

लहान कणांवरून विखुरणारा प्रकाश व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. सहावा घात म्हणजे काय हे वाचून कळत नाही, आकडा घालून बघावं लागतं. २० नॅनोमीटरच्या कणाच्या तुलनेत २०० नॅनोमीटरचा कण दहा लाखपट प्रकाश टाकतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ताशाच्या शेजारी उभं राहून कोणी गुणगुणत असेल, तर तुला काय ऐकू येईल?

तुझ्या आकड्यांवर मी कागदावर ढोबळ हिशेब करून पाहिला. समज, तुझे बहुतेक कण २४ नॅनोमीटरचे आहेत आणि काही कण एकमेकांना चिकटून ९० नॅनोमीटरचे गोळे झालेत. तसा एक गोळा २४ च्या कणापेक्षा सुमारे २८०० पट प्रकाश टाकेल. झेड-ॲव्हरेज ६८ यायला असे गोळे किती लागतील? दर पावणेचारशे कणांमागे एक. बस. आणि या मिश्रणाचा पीडीआय येतो ०.४५ च्या आसपास, तुझ्या ०.४१ च्या अगदी जवळ. आता बघ: टीईएमला तू २०० कण मोजलेस. पावणेचारशेत एक असणारा गोळा २०० मध्ये एखाद वेळी दिसेल, एखाद वेळी दिसणारही नाही. आणि दिसला असता तरी ‘हे ग्रिडवर वाळताना चिकटलं असेल’ म्हणून तू तो सोडून दिला असतास. आम्ही सगळ्यांनी ते केलं आहे.

म्हणजे टीईएम आणि डीएलएस भांडत नाहीयेत. टीईएमने डोकी मोजली, डीएलएसने आवाज मोजला.

मग ‘नंबर’ आलेख २४ दाखवतो, तोच का लिहू नये, असं तुझ्या मनात येणार. नको लिहूस, निदान एकटा तर नकोच. यंत्राला मिळतो तो प्रकाशाच्या तीव्रतेचा आलेख. त्यावरून संख्येचा आलेख काढताना सॉफ्टवेअर उलट सहाव्या घाताने भागाकार करतं, त्यामुळे डाव्या टोकाला थोडा जरी गोंधळ असला तरी तो फुगून तिथे शिखर उभं राहतं. शिवाय या रूपांतराला कणाचा अपवर्तनांक आणि शोषण लागतं. सॉफ्टवेअर उघडल्यावर बहुतेक वेळा तिथे पॉलिस्टायरिनचे आकडे भरलेले असतात, १.५९ आणि ०.०१. चांदीचं प्रकरण पूर्ण वेगळं: ६३३ नॅनोमीटरला तिच्या अपवर्तनांकाचा खरा भाग १ पेक्षा बराच कमी आणि शोषणाचा भाग जवळपास ४. तुझ्या रिपोर्टच्या वरच्या कोपऱ्यात ‘मटेरियल’ पुढे काय लिहिलंय ते आत्ता उघडून बघ. झेड-ॲव्हरेजला या आकड्यांचा काही फरक पडत नाही, नंबर आणि व्हॉल्यूमच्या आलेखांना पडतो.

पण खरं सांगायचं तर आलेखांच्याही आधी बघायची गोष्ट वेगळीच आहे, आणि दहातली नऊ मुलं ती प्रिंटही करून नेत नाहीत. कोरेलोग्राम. लुकलुकीची स्वतःशीच थोड्या-थोड्या वेळाने केलेली तुलना. डावीकडे सपाट माथा, मग एक गुळगुळीत उतार, मग शून्यावर सपाट जमीन, असं दिसलं की मी निम्मी निर्धास्त होते. माथ्याची उंची ०.८ ते ०.९५ च्या दरम्यान हवी, ती ०.३ वर आली तर सँपल फार पातळ आहे, फार दाट आहे, किंवा क्युव्हेटवर (सँपल भरायच्या पारदर्शक नळीवर) बोटांचे ठसे आहेत. उतार कुठे पडतो त्यावरून सॉफ्टवेअरच्या आधी तुला आकार सांगता येतो. ६३३ चा लेझर, १७३ अंशांचा कोन, पाणी, २५ अंश सेल्सिअस असेल तर २० नॅनोमीटरच्या कणाचा क्षयकाल साधारण ६० मायक्रोसेकंद आणि २०० नॅनोमीटरच्या कणाचा साधारण ६०० मायक्रोसेकंद. उताराच्या शेवटी, कित्येक मिलिसेकंदांच्या पुढे, अजून एक लोंबती शेपटी दिसली तर ती धूळ, बुडबुडा किंवा खाली बसत चाललेला गाळ. शेपटी असेल तर पुढचे आकडे वाचायचेच नाहीत.

या शेपटीने मलाही रडवलं आहे. सुरुवातीच्या वर्षांत, एका मे महिन्यात, माझ्या प्रत्येक सँपलमध्ये एक मायक्रॉनच्या आसपास एक छोटं शिखर यायला लागलं. पाणी बदललं, क्युव्हेट बदलल्या, लेझर तपासून घेतला. तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी नुसता बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण) घालून मोजला, तर शिखर तिथेही हजर. टेबलावर आठवडाभर उभ्या असलेल्या सायट्रेट बफरच्या बाटलीत जिवाणू वाढले होते! मुंबईचा उकाडा आणि सायट्रेट, त्यांना आणखी काय पाहिजे? तेव्हापासून बाटलीवर तारीख, आणि कुठलंही सँपल लावण्याआधी नुसता विरलक (सँपल विरळ करायचा द्रव) एकदा यंत्रात. तो जवळजवळ मुका निघाला पाहिजे.

विरलक ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळायचा आणि फिल्टरमधून पडणारे पहिले काही थेंब फेकून द्यायचे, कारण फिल्टर स्वतःच सुरुवातीला कचरा सोडतो. सँपल मात्र डोळे मिटून गाळू नकोस. मोठे गोळे फिल्टरवर अडकतील, पीडीआय सुंदर दिसेल आणि तुला हवं ते उत्तर मिळेल. ते तुझ्या बाटलीतल्या द्रवाचं उत्तर नसेल.

आपल्याकडची आणखी एक भानगड पावसाळ्याची. फ्रिजमधून ४ अंशांची कुपी काढून क्युव्हेट भरली की दोन मिनिटांत बाहेरून दव धरतं आणि लेझर त्या दवातून जातो. पुसून लावली तरी आतलं पाणी थंडच असतं. यंत्र समजतं २५ अंश, सँपल असतं २०. पाण्याची व्हिस्कॉसिटी (वाहायला होणारा विरोध) २५ अंशांना सुमारे ०.८९ मिलिपास्कल-सेकंद, २० अंशांना १.००. कण सुस्त हलतात, यंत्र त्यांना मोठं समजतं, आणि २० चा कण सरळ २३ होतो. उलट बाजूने, एसी बंद पडून सँपल ३० अंशांवर गेलं आणि यंत्राने ते धरलं नाही तर व्यास बाराएक टक्क्यांनी कमी दिसेल. म्हणून कुपी खोलीच्या तापमानाला येऊ दे, क्युव्हेटला झाकण लाव, आणि यंत्रात पाचेक मिनिटं स्थिरावायला दे. द्रव नुसतं पाणी नसेल तर व्हिस्कॉसिटीचा आकडा स्वतः भर. साखरेच्या १० टक्के द्रावणाची व्हिस्कॉसिटी पाण्यापेक्षा सुमारे एक तृतीयांशाने जास्त असते. ते पाणी म्हणून मोजलं तर व्यासही तेवढाच फुगतो.

शेजारच्या बांधकामाच्या पायलिंगचे हादरे यंत्राला बसत असतील तर रविवारी मोज. हे मी गमतीने लिहीत नाहीये.

विरळ करण्याबद्दलही तू काही लिहिलेलं नाहीस. किती विरळ केलंस, आणि कशाने? दाट सँपलमध्ये एका कणावरून विखुरलेला प्रकाश दुसऱ्या कणावर आपटून बाहेर येतो, लुकलुक खोटी जलद होते आणि व्यास कमी दिसतो. म्हणून तीन वेगवेगळ्या विरलनांना मोजायचं. तिन्हींत व्यास तोच आला पाहिजे. पण साध्या पाण्याने शंभरपट विरळ केलंस तर सायट्रेटही शंभरपट विरळ होतं, पृष्ठभागावरून सुटायला लागतं, आणि मग कण चिकटतात. तुझे ते पावणेचारशेत एक गोळे बाटलीत होते की क्युव्हेटमध्ये तयार झाले? हे आज तुलाही सांगता येणार नाही. मूळ द्रावणात जेवढं सायट्रेट आहे तेवढंच असलेल्या गाळलेल्या पाण्याने विरळ करून पुन्हा मोज. झेड-ॲव्हरेज ३० च्या खाली उतरलं तर दोष विरलनाचा होता.

या विखुरण्याच्या शास्त्राचं आपल्या शहराशी एक जुनं नातं आहे. १९२१ साली युरोपातून परतताना सी. व्ही. रामन यांनी ‘नारकुंडा’ बोटीवर निकोल प्रिझममधून समुद्राची निळाई न्याहाळली आणि ती नुसतं आकाशाचं प्रतिबिंब नाही, पाण्याचे रेणूच प्रकाश विखुरतात, हे सांगणारं पत्र सप्टेंबरमध्ये मुंबई बंदरातून ‘नेचर’ला लिहिलं. घरच्या घरी बघायचं तर ग्लासभर पाण्यात तीन-चार थेंब दूध टाक आणि मोबाइलचा टॉर्च मार. बाजूने निळसर, समोरून नारिंगी.

दुधाचा विषय निघालाच आहे तर तिथूनच झीटाकडे वळते. दुधातले केसिनचे गोळे दीड-दोनशे नॅनोमीटरचे असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो, म्हणून ते एकमेकांपासून अंग राखून राहतात. विरजण लावलं की आम्ल वाढतं, पीएच ४.६ च्या दिशेने उतरतो, भार शून्याकडे जातो आणि सकाळी दही लागलेलं असतं. आता दह्याच्या भांड्याला कोणी ‘याचा झीटा किती?’ असं विचारलं तर तू काय म्हणशील? ‘कुठल्या पीएचला?’ हाच प्रश्न तुझ्या दोन्ही प्रयोगशाळांनी तुला विचारायला हवा होता.

झीटा पोटेन्शियल म्हणजे कणाच्या पृष्ठभागावरचा भार नाही. कणाभोवती उलट भाराच्या आयनांचा ढग असतो, त्यातले आतले काही कणाबरोबर ओढले जातात. जिथून द्रव घसरायला लागतो त्या सीमेवरचं विभव म्हणजे झीटा. आणि यंत्र तेही मोजत नाही. ते विद्युतक्षेत्र लावतं आणि कण किती वेगाने सरकले हे विखुरलेल्या प्रकाशाच्या कलेतल्या (फेजमधल्या) बदलावरून काढतं. खरं मोजमाप म्हणजे ही चल्यता, मोबिलिटी. तिच्यावरून मिलिव्होल्ट काढायला हेन्रीचं समीकरण लागतं, आणि त्यातल्या एका गुणकाची किंमत १ ते १.५ च्या मध्ये कुठेही असू शकते. मोठे कण, भरपूर मीठ, तर १.५, त्याला स्मोलुचॉव्स्की म्हणतात. लहान कण, कमी मीठ, तर १ च्या जवळ, ते ह्युकेल. सॉफ्टवेअर न विचारता स्मोलुचॉव्स्की लावतं. तुझा कण १० नॅनोमीटर त्रिज्येचा आहे आणि पाण्यात मीठ जवळजवळ नाही, म्हणजे तू ह्युकेलच्या गल्लीत आहेस. उणे ३४ मधून मागे गेलं तर चल्यता येते साधारण उणे २.७ मायक्रोमीटर-सेंटिमीटर प्रति व्होल्ट-सेकंद. तीच ह्युकेलने वाचली तर उणे ५१! मोजणी एक, उत्तरं दोन. म्हणून मी प्रत्येकाला सांगते, मिलिव्होल्टच्या शेजारी चल्यता छाप, आणि कुठलं मॉडेल वापरलं ते लिही.

उणे ३० च्या पलीकडे असेल तर स्थिर, अलीकडे असेल तर अस्थिर, हा जो नियम पाठ केला जातो तो फक्त भाराच्या जोरावर तरंगणाऱ्या कणांपुरता आहे. पीईजी (पॉलिएथिलीन ग्लायकॉल हा पॉलिमर) लावलेले कण उणे ५ वर महिनोन्‌महिने सुखात असतात.

शुद्ध पाण्यातही झीटा मोजू नये, असं माझं मत. तसल्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून पीएच साडेपाचकडे सरकतो, आयन इतके कमी असतात की सकाळचा आकडा दुपारी येत नाही. थोडं मीठ घाल, १ ते १० मिलिमोलर. मात्र तुझे कण चांदीचे आहेत, म्हणून सोडियम क्लोराइड नाही, सोडियम नायट्रेट घे. कारण आता उणे ८ ची बाटली.

पीबीएसमध्ये सुमारे दीडशे मिलिमोलर मीठ असतं. तिथे आयनांचा ढग, जो १ मिलिमोलरला दहाएक नॅनोमीटर पसरलेला असतो, तो आकसून एक नॅनोमीटरच्याही आत येतो. झीटा पडणारच; तेवढ्यापुरता उणे ८ मध्ये काही चमत्कार नाही. पण केवळ भाराच्या जोरावर उभे असलेले सायट्रेटचे कण तिथे मिनिटांत चिकटायला लागतात. त्यात पीबीएसमधलं बहुतेक मीठ क्लोराइड, आणि चांदीच्या पृष्ठभागावर ऑक्सिडीकरण होऊन सुटणारे आयन त्याच्याशी सिल्व्हर क्लोराइड बनवतात. वर, एवढ्या मिठात विद्युतप्रवाह इतका वाहतो की सेल तापते, इलेक्ट्रोड काळे पडतात, बुडबुडे येतात. म्हणजे उणे ८ हा झीटा ज्याचा मोजला गेला, तो तुझा कण राहिलाही नसेल. त्या प्रयोगशाळेने चूक केली असं नाही. सांगितलं ते मोजून दिलं.

शहानिशा सोपी आहे. पीबीएसमध्ये मिसळलेलं सँपल पांढऱ्या कागदासमोर धर. पिवळं राहिलं आहे की करडं पडलं? यूव्ही-व्हिजिबल वर्णपटात ४०० नॅनोमीटरच्या आसपासचं शिखर खाली बसून उजवीकडे फुगवटा आला का? आणि झीटा मोजायच्या आधी व नंतर, दोन्ही वेळा त्याच सँपलचा आकार मोज. दोन आकार जुळले नाहीत तर मधला झीटा कशालाही धरायचा नाही.

गाईडना दाखवायला मसुदा हवा असेल तर असा कर. गाभ्याचा व्यास टीईएमवरून, किती कण मोजले त्यासकट, आणि या वेळी ५०० च्या वर मोज, चिकटलेलेही धरून. मग झेड-ॲव्हरेज आणि पीडीआय, सोबत तीव्रतेचा आलेख, कोन, तापमान, विरलक, किती वेळा मोजलं. मग झीटा, पण पीएच, वाहकता, मीठ, चल्यता आणि मॉडेल यांच्याशिवाय नाही. सहा-सात आकड्यांची एक ओळ होईल. परीक्षक भुवया उंचावतील, पण पुढचा प्रश्न विचारण्यासारखं त्यांच्याकडे फारसं काही उरणार नाही. पीबीएसचा आकडा हवाच असेल, कारण पुढे पेशींवर प्रयोग आहेत, तर ताजं मिसळून दहा मिनिटांच्या आत मोज, आणि तो ‘पीबीएसमधला, दहा मिनिटांच्या आतला’ म्हणूनच लिही.

पीबीएसमध्ये मिसळलेल्या सँपलची जुनी बाटली ठेवू नकोस. आणि टाकताना बेसिनमध्ये नको, चांदीच्या कचऱ्याच्या कॅनमध्ये.